बाकावरची निरोगी माणसं

ज्यांना काही म्हणता काही झालेलं नव्हतं, अशी धडधाकट माणसं मी जवळजवळ वर्षभर एका दवाखान्याच्या बाकावर बसवून ठेवली होती. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरच्यांना नाही, डॉक्टरसाहेबांना तर नाहीच — आणि ज्यांना बसवलं होतं त्यांनाही कधी कळलं नाही की आपण इथे कशासाठी बसलोय. त्यांना वाटायचं, पंख्याखाली फुकट पेपर वाचायला मिळतोय, बहनजी भली बाई आहे.

बहनजी म्हणजे मी. भली वगैरे नव्हते, पण हुशार होते. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी माझीच बरीच टर उडवणार आहे आणि तुम्हाला वाटेल म्हातारी फार नम्र आहे. नाही हो. आजही मल्हारगंजातल्या आमच्या गल्लीतून कोणी खोकत गेलं तर मी आतून सांगते — हा तंबाखूचा, हा दम्याचा, आणि हा नुसता सुनेला ऐकवायचा. सहसा चुकत नाही.

आज हे उकरून काढायचं कारण माझी नात. ती एका मोठ्या हॉस्पिटलात नोकरी करते, आणि नोकरी काय तर म्हणे कोणता पेशंट परत आला, कोणता आला नाही, का आला नाही, याचा हिशेब ठेवायचा. कॉम्प्युटरवर रंगीत रंगीत खांब दाखवत होती मला. मी म्हटलं, "बाई गं, हे मी तुझ्या आईचं लग्न व्हायच्या आधीपासून करत होते, आणि तेही एका लाकडी खोक्यात." ती हसली. म्हणाली, "मग आजी, तुझा एकही पेशंट कधी सुटला नाही?"

मी म्हटलं, "एकही नाही."

आणि पोहे परतायला उठले. या वयात इतकं सफाईदार खोटं! — म्हणजे सवय गेलेली नाही, हे कळलं.

तर, इंदूरच्या गिरणी भागात आमच्या डॉक्टरसाहेबांचा दवाखाना होता. मी खिडकीत. नाव विचारायचं, कार्ड काढायचं, नंबर लावायचा. त्या वेळच्या माझ्यातल्या त्या बाईसाहेबांना तुम्ही पाहायला हवं होतं. खळ घातलेली सुती साडी, चष्मा नाकाच्या टोकावर, आणि सासरी होळकरशाहीतल्या दफ्तरदारीचा जो काही तोरा होता तो सगळा त्या दीड हात खिडकीत मांडून बसलेल्या. राज्य जाऊन कितीतरी वर्षं लोटली होती, पण बाईसाहेबांच्या आवाजातून काही गेलं नव्हतं. "काय होतंय?" असं विचारायच्या तर रस्त्यापलीकडचा पानवाला दचकायचा.

पण माझं खोकं — त्याचा मला आजही अभिमान आहे. घराला एक कार्ड. ज्या घरातलं कोणीतरी येऊन गेलं ते कार्ड उभं. एक अख्खा मौसम कोणी फिरकलं नाही की ते आडवं. महिन्याच्या शेवटी मी आडवी कार्डं काढायची आणि निरोप धाडायची, दूधवाल्याकडून, नाहीतर भाजीवालीकडून — "बहनजी म्हणतात, तुमचं कार्ड आडवं पडलंय." ऐकणाऱ्याच्या काळजात धस्स व्हायचं. अख्खं घर दुसऱ्या दिवशी हजर! डॉक्टरसाहेब म्हणायचे, "वहिनी, माझी डिग्री मोठी का तुमचं खोकं?" उत्तर आम्हा दोघांना ठाऊक होतं.

फक्त एक गोष्ट होती. कार्ड घराचं — आणि घर कोणाच्या नावावर? अर्थात पुरुषाच्या. 'गणपतराव, साळेखातं' — म्हणजे गिरणीतलं विणकामाचं खातं — असं वर लिहिलं की त्याखाली त्याची बायको, सून, नातवंडं सगळी आली. यात काही चुकतंय असं माझ्या मनातही आलं नाही. तुमच्या आलं असतं? त्या काळात?

आणि चाललंही होतं व्यवस्थित, गिरणीच्या भोंग्यामुळे. सकाळचा भोंगा झाला की पुरुष आत. मग मोहल्ल्यातल्या बायका पोरं काखोटीला मारून दवाखान्यात यायच्या आणि दुपारपर्यंत दवाखाना त्यांचा. काय काय बोलायच्या म्हणून सांगू! अंगावरून जाण्यापासून ते नवऱ्याच्या दारूपर्यंत सगळं खिडकीत, सगळ्यांदेखत, कारण सगळ्या बायकाच. पाळी संपून पुरुष यायचे ते संध्याकाळी. रात्रपाळीवाले सकाळी घरी झोपलेले. हा नियम कोणी बसवला नव्हता. डॉक्टरसाहेबांना वाटायचं, वेळा आपण ठरवल्यात. मला वाटायचं, मी.

मग भोंगा थांबला.

नव्वदीनंतरची ती वर्षं तुम्ही इंदूरचे असाल तर तुम्हाला सांगायला नको. एकेक गिरणी बंद होत गेली. इकडे घरांमध्ये केबल आला, हमरस्त्यावर काचेच्या दुकानांच्या रांगा लागल्या, आणि गिरणीतला माणूस सकाळी आंघोळ करून, भांग पाडून, दारापुढच्या ओटल्यावर येऊन बसायचा — जायचं कुठे हे माहीत नसल्यासारखा. ज्यांना जमलं ते सांवेर रोडच्या कारखान्यांत लागले. बाकीचे वाट पाहत बसले. "भिया, पुढच्या महिन्यात पक्कं सुरू होतंय." पुढचा महिना रोज नवा असायचा.

त्याच सुमारास हमरस्त्यावर पॉलिक्लिनिक उघडलं. काचेचं दार, थंडगार हवा, सोनोग्राफी. त्यांनी डॉक्टरसाहेबांना निरोप धाडला की तुमचा दवाखाना बंद करा, आमच्याकडे येऊन बसा, आराम करा. डॉक्टरसाहेब थकले होते. म्हणाले, "वहिनी, पेशंट कमी होताहेत असं मला वाटतंय. तसं असेल तर मी जातो."

तसं असेल तर. म्हणजे काय, की सगळं माझ्या खोक्यावर आलं. खरं सांगू? मला दवाखान्याची काळजी होतीच, पण जास्त काळजी खिडकीची होती. त्या काचेच्या दारामागे कोणी मला बसवणार नव्हतं. तिथे लिपस्टिक लावलेल्या मुली होत्या.

तेव्हा बाईसाहेबांनी डोकं चालवलं. पोह्याच्या कोणत्या ठेल्यावर माणूस जातो? जिथे गर्दी आहे त्याच. मग दवाखान्याचंही तसंच! मी दोन पेपर सुरू केले. बाक पंख्याखाली ओढून घेतले. आणि ओटल्यावर बसलेल्या गणपतरावांना हाक मारली. हे साळेखात्यातले जुने जॉबर, म्हणजे मुकादमच, मोहल्ल्यात वजन असलेला माणूस. म्हटलं, "इथे या की, उन्हात काय बसता? ब्लडप्रेशरही बघून देऊ." ते आले. त्यांच्यामागे आणखी आले. कंपाउंडर येता-जाता एखाद्याच्या दंडाला पट्टा बांधायचा, आणि मी लगेच कार्ड उभं करायची. आठवड्यात बाक भरले, दारात चपलांचा ढीग. येणारा-जाणारा बघायचा. गणपतराव मोठ्याने बातम्या वाचायचे, आणि सरकार कसं चालवायचं ते सरकारला सांगायचे. डॉक्टरसाहेब पडद्याआडून विचारायचे, "बाहेर बरीच गर्दी आहे का?" मी म्हणायची, "मावत नाहीयेत." ते पॉलिक्लिनिकचं बोलणं थोडं पुढे ढकलायचे.

खोकं पाहावं तर सगळी कार्डं उभी! माझ्या आयुष्यात इतकी कार्डं एकदम उभी नव्हती. फुगून मी नुसती टम्म. आणि त्या फुगण्यात एक साधी गोष्ट दिसली नाही — की सकाळच्या वेळी पडद्याआड जाणारं कोणी उरलंच नव्हतं. बायका कुठे गेल्या?

दिसली नाही, असं म्हणतेय मी. बघा, पुन्हा सफाई. थोडी दिसली होती. मी मनाशी म्हटलं, जात असतील त्या काचेच्या दारात, सोनोग्राफीच्या नादाने. जाऊ देत. घराचं कार्ड तर उभं आहे ना?

आता मला सुमनबद्दल सांगायला हवं. ते टाळत टाळत मी इथवर आलेय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

सुमन गणपतरावांची सून. तिशीच्या आतली, देपालपुरकडच्या गावातून लग्न होऊन आलेली, एक मुलगी पदरात, आणि दुसऱ्याची आस लागलेली. आस तिची, घराची, सगळ्यांचीच. सासऱ्यासमोर तिच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नाही, आणि त्यांच्यासमोर ती बोलत नसे. तेव्हा ती रीतच होती.

एका सकाळी ती दवाखान्याच्या दारात आली. समोर पंख्याखाली सासरे, पेपर पसरून. तिने पाहिलं, पदर पुढे ओढला आणि परत फिरली. मी पाहिलं. मला वाटलं, सासऱ्यांना जेवायला बोलवायला आली असेल.

काही दिवसांनी पुन्हा आली. तशीच परत गेली. तेव्हा मला काय वाटलं ते मी लिहीत नाही, कारण मी काहीच वाटू दिलं नाही.

तिसऱ्यांदा ती आली तो दिवस नेमका असा, की पॉलिक्लिनिकचा मालक स्वतः डॉक्टरसाहेबांना भेटायला यायचा होता. मी सकाळपासून मांडव सजवत होते. गणपतराव मधोमध, दोन्हीकडे बाकीची मंडळी, जसं लग्नात आहेर घ्यायला बसतात तसं. आणि ही खिडकीशी. हात पोटावर. ओठ पांढरे.

मी विचारलं, "काय होतंय?" नेहमीच्याच आवाजात. पानवाल्यापर्यंत जाणाऱ्या.

सगळ्या बाकाने मान वर केली. गणपतरावांनी पेपर खाली घेतला. ती खिडकीच्या गजाकडे बघत राहिली.

"बोल की! तोंड आहे ना?"

"डोकं दुखतंय," ती म्हणाली.

पोटावर हात ठेवून बाई सांगते, डोकं दुखतंय. मल्हारगंजात बसून खोकल्याची जात ओळखणाऱ्या बाईला हे कळलं नसेल? — कळलं. तिथेच, त्याच क्षणी कळलं. करायचं तरी काय होतं? उठून तिचा हात धरायचा आणि पडद्याआड न्यायचं. नाहीतर गणपतरावांना म्हणायचं, जरा बाहेर जा. पण गणपतराव उठले असते तर बाकीचे उठले असते, आणि मालकाची गाडी कोणत्याही क्षणी येणार होती, आणि माझा मांडव —

मी डोकेदुखीच्या दोन गोळ्या पुडीत बांधल्या आणि गजांमधून तिच्या हातावर ठेवल्या. डॉक्टरसाहेबांना न विचारता. वर म्हटलं, "बरं नाही वाटलं तर नंतर ये." आणि — हे मला आजही आठवतं तेव्हा मी भर दुपारी पंखा बंद करून बसते — गणपतरावांचं कार्ड मी तिच्या नावाने पुन्हा एकदा सरळ केलं. पेशंट आला होता ना!

मालक आला, बाक पाहिले, गेला. डॉक्टरसाहेबांनी त्याला नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी मी घरी जलेबी नेली.

थंडी सुरू झाली होती तेव्हा सुमनला टेम्पोतून आणलं. ती नळावर पाणी भरताना पडली होती. कागदासारखी पांढरी. शेजारणींनी तिला आत घेतलं, बाकावरची माणसं उठून भिंतीला लागली. डॉक्टरसाहेबांनी तपासलं, आणि मी त्यांचा इतका चढलेला आवाज कधी ऐकला नव्हता. "किती महिने रक्त जातंय? काय करत होतीस तू इतके दिवस?" तिने डोळे उघडले. डॉक्टरसाहेब माझ्याकडे वळले. "वहिनी, ही आधी आली होती का इथे?"

मी दाराशी उभी होते. पडदा माझ्या हातात होता.

"नाही," मी म्हटलं. "या बायकांना सगळं अंगावर काढायची सवयच असते."

सुमन माझ्याकडे बघत होती. बघत राहिली. डॉक्टरसाहेबांनी मग तिलाच आणखी सुनावलं, तिच्या अडाणीपणावर, तिच्या निष्काळजीपणावर. तिच्या वाटचं नव्हतं ते. माझ्या वाटचं होतं. आणि मी पडदा धरून ते सगळं तिला ऐकू दिलं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं. गाठी होत्या. पिशवी काढावी लागली. जीव वाचला. डॉक्टरसाहेब परत येऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चार महिने आधी आली असती तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. कदाचित पिशवी राहिली असती." मी त्या 'कदाचित'ला लटकून कितीतरी दिवस काढले. कदाचित नसतीही राहिली, नाही का? पण असल्या हिशेबात मी कच्ची नाही. मला ठाऊक आहे, ते 'कदाचित' तिचं होतं, माझ्या सोयीसाठी नव्हतं.

त्यानंतर मी जे केलं त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही. आधी बाक रिकामे केले. कसे? मी बाकावर जाहीर केलं, की डॉक्टरसाहेब उद्यापासून इथे बसणाऱ्या प्रत्येकाला ताकदीचं इंजेक्शन देणार आहेत, कमरेत, रोज. दुसऱ्या दिवशी चपलांचा ढीग गायब! गणपतराव तेवढे दारापर्यंत येऊन म्हणाले, "बहनजी, आमच्यात ताकद बहुत आहे," आणि पेपर घेऊन कडुनिंबाखाली गेले. सकाळची वेळ मी पुन्हा बायकांची केली, पण या वेळी भोंग्याच्या भरवशावर नाही, तर दारावर पाटी लावून. खिडकी बाजूच्या बोळाकडे फिरवून घेतली, म्हणजे उभ्या राहणाऱ्या बाईचं तोंड कोणाला दिसू नये. आवाज कमी केला — याला सगळ्यात जास्त वेळ लागला.

आणि खोकं उलटं केलं. सगळं. एकेक घर फोडून बाईचं वेगळं कार्ड केलं, तिच्या स्वतःच्या नावाने. कित्येक बायकांना मी नाव विचारलं तर त्या मुलाचं नाव सांगायच्या. "तुझं, तुझं नाव सांग." लाजायच्या. ती नवी कार्डं लावून पाहिली तर जवळजवळ सगळी आडवी. तेव्हा दिसलं, की वर्षभर माझं खोकं किती गोड बोलत होतं. पॉलिक्लिनिकमध्ये गेल्याच नव्हत्या त्या. कुठेच गेल्या नव्हत्या. घरी होत्या, दुखणं घेऊन.

मी घरोघर गेले. निरोप धाडले नाहीत, स्वतः गेले. ओटल्यावर बसले, चहा प्याले, टोमणे खाल्ले. "आज बहनजी खिडकीतून खाली कशा उतरल्या?" म्हणायच्या. पण आल्या. एक आली, मग तिची जाऊ, मग शेजारीण. वर्ष सरता सरता सकाळी आमच्याकडे पाय ठेवायला जागा नव्हती, आणि या वेळी खरोखरच. डॉक्टरसाहेब दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून माझं खोकं दाखवायचे. म्हणायचे, हे आमच्या वहिनींचं डोकं. पॉलिक्लिनिकवाल्याने मला नोकरी विचारली — त्याच काचेच्या दारामागची! मी नाही म्हटलं, आणि ते नाही म्हणताना मला जो काही आनंद झाला तो आजतागायत पुरलाय.

डॉक्टरसाहेबांनी एकदा विचारलं, हे सगळं तुम्हाला सुचलं कसं? मी म्हटलं, असंच. सहज. खरं सांगायची ती सगळ्यात सोपी वेळ होती. पुढे ते गेले, आणि ती वेळ कायमची गेली. शेवटपर्यंत त्यांना वाटत राहिलं की सुमन अडाणी होती आणि मी हुशार.

सुमन पहिल्यांदा दवाखान्यात परत आली ती उन्हाळ्यात, ताकदीच्या गोळ्यांसाठी. मुलीचं बोट धरून. माझ्या हातून तिचं नाव लिहिताना दोनदा खोडाखोड झाली. मी मुलीला गोळी-बिस्किटाला पिटाळलं, आणि बोळात आम्ही दोघीच उरलो तेव्हा हळूच म्हटलं — हळू बोलायला मी शिकले होते — "सुमन, त्या दिवशी तू डॉक्टरसाहेबांना काही सांगितलं नाहीस. तुझे उपकार आहेत माझ्यावर."

मला वाटलं ती रडेल. किंवा म्हणेल, जाऊ द्या बहनजी. मी त्या 'जाऊ द्या'ची तयारी करून बसले होते.

तिने कार्ड घेतलं, स्वतःचं नाव वाचलं, पदराने घाम पुसला, आणि म्हणाली, "उपकार-बिपकार काही नाही, बहनजी. त्या दिवशी तर बोलायची ताकदच नव्हती. नंतर आली, तेव्हा विचार केला. मी सांगितलं असतं तर डॉक्टरसाहेबांनी तुम्हाला काढलं असतं, आणि तुमच्या जागी कोणीतरी मर्द आणून बसवला असता. मग आमच्या मोहल्ल्यातल्या बायकांनी सांगायचं कोणाला? खोटारडी का असेना, खिडकीत बाई तरी आहे."